धसका उतरला, पण जगणं परत आलं का? पीटीएसडीच्या उपचारांनंतर जीवनाचा दर्जा कसा मोजावा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ट्रकचालक यायचे. पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात रात्री अपघात झाला आणि शेजारी बसलेला क्लीनर त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर झोप नाही, हॉर्न वाजला की अंगाला घाम, ट्रकचं नाव काढलं की उठून जाणं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतोय. पीटीएसडीच्या, म्हणजे आघातोत्तर तणाव विकाराच्या, उपचारांचा क्रम पूर्ण झाला तेव्हा त्यांच्या लक्षणांच्या मोजपट्टीवरचे गुण ५४ वरून २१ वर आले होते. मी फाइलमध्ये ‘सुधारणा समाधानकारक’ असं लिहिलं. त्यांची बायको दारापर्यंत गेली, परत फिरली आणि म्हणाली, “डॉक्टर म्हनतस बरं शे. पन माले मना मानूस परत भेटना नही.”

त्यांना पुन्हा बोलावलं आणि दोघांना बसवून नीट विचारलं. स्वप्नं थांबली होती, हे खरंच होतं. पण ते पंगतीला जात नव्हते, भावाशी बोलत नव्हते, दिवसभर खळ्यात एकटे बसायचे. मी लक्षणं मोजली होती, जगणं मोजलंच नव्हतं. ती चूक माझी होती. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली, ती इथे पायरीपायरीने मांडतोय. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये काम करणारे समुपदेशक, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले सहकारी आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

पहिली पायरी: कशासाठी मोजताय, ते ठरवा

समोरच्या एका माणसाचे उपचार नीट चाललेत का हे पाहायचं असेल तर दोन-तीन छोट्या मोजपट्ट्या पुरतात. केंद्रातल्या सगळ्या रुग्णांचा हिशोब मांडायचा असेल तर प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच अंतराने आणि त्याच रीतीने विचारायला हवेत. प्रबंधासाठी करत असाल तर नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी, पहिला फॉर्म नंतर. हे ठरवलं नाही तर कपाटात फॉर्मचे गठ्ठे साचतात आणि त्यांतून काहीच निघत नाही.

दुसरी पायरी: हा पीटीएसडीच आहे ना?

आघातोत्तर तणाव विकार हे निदान १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या तिसऱ्या निदानपुस्तिकेत आलं. २०१३ च्या पाचव्या पुस्तिकेनुसार त्यासाठी घटना विशिष्ट स्वरूपाची असावी लागते: मृत्यू किंवा मृत्यूचं सावट, गंभीर इजा, लैंगिक हिंसा. ती स्वतःवर ओढवलेली असेल, डोळ्यांसमोर घडलेली असेल किंवा अगदी जवळच्या माणसावर हिंसकपणे वा अपघाताने कोसळलेली असेल.

आपल्याकडे हा भेद पाळणं फार गरजेचं आहे. वादळाने उभी केळी आडवी झाली, कापसाला भाव मिळाला नाही, सोसायटीचं कर्ज थकलं, यांनी माणूस खचतो. त्याचं जगणं खालावतं, त्याला मदत लागते. पण पीक जाणं ही या व्याख्येतली आघाताची घटना नव्हे. उलट ऑगस्ट २०१९ मध्ये शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, किंवा २२ जानेवारी २०२५ ला परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून रुळांवर उतरलेले प्रवासी समोरून आलेल्या गाडीखाली सापडले, अशा घटनांतून वाचलेले आणि ते दृश्य पाहिलेले लोक या व्याख्येत बसू शकतात. घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचारही याच रांगेत येतात. ते कुठल्याही बातमीत नसतात आणि संख्येने कितीतरी जास्त असतात.

लोक हे सगळं एकाच शब्दात सांगतात: धसका. ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’, ‘जीव घाबरस’. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि निदानाचं काम वेगळं करा.

तिसरी पायरी: मोजपट्ट्या निवडा

लक्षणांसाठी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी वापरा. ती अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडीने मोफत उपलब्ध केली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ० ते ८०, आणि कालावधी मागचा एक महिना. ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर पीटीएसडीची शक्यता धरून सविस्तर तपासणी करतात. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. सर्वसाधारणपणे १० गुणांची घट अर्थपूर्ण समजली जाते.

जीवनाच्या दर्जासाठी माझी पहिली पसंती जागतिक आरोग्य संघटनेच्या हूकॉल-ब्रेफला. १०० प्रश्नांच्या मूळ प्रश्नावलीचं हे २६ प्रश्नांचं छोटं रूप. मूळ प्रश्नावली जगभरातल्या १५ केंद्रांनी मिळून घडवली आणि त्यांत भारतातलीही केंद्रं होती. त्यामुळे हे प्रश्न आपल्या माणसांना अगदीच परके वाटत नाहीत. सुरुवातीचे २ प्रश्न सर्वसाधारण, बाकीचे चार क्षेत्रांतले: शारीरिक ७, मानसिक ६, सामाजिक संबंध ३, परिसर ८. कालावधी मागचे दोन आठवडे.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. ईक्यू-५डी-५एल मध्ये फक्त पाच बाबी असतात. उपचारांच्या खर्चाचा आणि फायद्याचा हिशोब मांडायचा असेल तर ती हवी, पण चिंता आणि उदासी एकाच प्रश्नात कोंबल्यामुळे पीटीएसडीतले बारकावे तिच्यात उमटत नाहीत. एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न आणि आठ क्षेत्रं आहेत. ओपीडीच्या गर्दीत दहा मिनिटंही मिळत नसतील तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ घ्या. कच्च्या गुणांना ४ ने गुणलं की ० ते १०० ची पट्टी मिळते. कामकाज किती अडतंय एवढंच हवं असेल तर होडास २.० चे १२ प्रश्न पुरेत, मात्र ती मोजपट्टी कार्यक्षमतेची आहे. ‘मी शेतात जाऊ शकतो’ आणि ‘शेतात जाण्यात मला गोडी वाटते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोबत नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ठेवाच. पीटीएसडी असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना नैराश्यही असतं, आणि जगण्याची गोडी जाण्यामागे ते अनेकदा मोठं कारण असतं. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर कागद बाजूला ठेवा. आधी त्या माणसाशी बोला, मनोविकारतज्ज्ञांना कळवा, घरातलं विश्वासाचं माणूस जोडा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरी जाताना त्यांच्या हातात लिहून द्या.

चौथी पायरी: भाषा, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

इथे घाई करू नका. प्रश्नावली हातात आली की मराठी फॉर्म वाचून दाखवायचा आणि उत्तर टिपायचं, एवढंच बहुतेक जण करतात. पण पहिल्याच प्रश्नात घोटाळा होतो. ‘तुमच्या जीवनाच्या दर्जाबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की आपली माणसं जीवनमान म्हणजे राहणीमान समजतात आणि घर पक्कं की कच्चं, मोटारसायकल आहे की नाही, मुलगा नोकरीला लागला का, ते सांगू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मात्र भर माणसाच्या स्वतःच्या जाणिवेवर आहे: आपल्या संस्कृतीत आणि मूल्यांत राहून, आपली ध्येयं, अपेक्षा आणि काळज्या यांच्या संदर्भात, आपलं आयुष्य कुठे आहे असं त्याला वाटतं. म्हणून प्रश्न वाचण्याआधी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचं मी ठरवून टाकलंय: “घर-पैसा किती ते इथे विचारत नाही, मागच्या पंधरा दिवसांत जगणं तुम्हाला स्वतःला कसं वाटलं ते सांगा.” हे वाक्य लिहून ठेवा आणि दर वेळी तेच वापरा.

अधिकृत भाषांतरच वापरा, प्रश्नांचे शब्द स्वतः बदलू नका. घरात अहिराणी बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठी कळते, पण उत्तर मनातून येत नाही. कळलं नाही तर प्रश्न पुन्हा वाचा. मग ‘तुले काय समजनं?’ असं विचारून त्याने काय अर्थ घेतला ते ऐका. काम सुरू करण्याआधी वेगवेगळ्या गावांतल्या आठ-दहा जणांबरोबर हा प्रयोग करा आणि प्रत्येक अडखळणाऱ्या प्रश्नासाठी एक ठरावीक अहिराणी स्पष्टीकरण लिहून ठेवा. मग तुम्ही विचारा किंवा तुमचा सहकारी विचारो, स्पष्टीकरण एकच राहील.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या पावरी आणि भिली बोलणाऱ्या लोकांसाठी एवढ्यावर भागत नाही. तिथे रीतसर भाषांतर, मग दुसऱ्याकडून ते पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणी, मग लोकांवर चाचणी, हा सगळा क्रम लागतो. तो होईपर्यंत आकडे काढू नका, मोकळी मुलाखत घ्या. आणि दुभाषा म्हणून सोबत आलेल्या शाळकरी मुलाला कधीही बसवू नका. आईवर काय गुदरलं ते त्याच्या तोंडून वदवून घेणं हा त्या लेकरावर नवा घाव आहे.

पाच पर्यायांतून एक निवडणं अक्षरओळख कमी असलेल्यांना जड जातं. पाच पेल्यांचं चित्र जवळ ठेवा: रिकामा, थोडं पाणी, अर्धा, बराच, काठोकाठ. बोट ठेवायला सांगा. फक्त दुखणं, औषधोपचारांची गरज आणि उदास भावना या तीन प्रश्नांत भरलेला पेला म्हणजे वाईट, हे त्या-त्या प्रश्नाआधी मोठ्याने सांगा, नाहीतर माणूस सवयीने भरल्या पेल्याकडे बोट नेतो.

पाचवी पायरी: त्याच्या स्वतःच्या तीन गोष्टी

२६ प्रश्नांत कानबाईचा रोट नाही, मंगळवारचा बाजार नाही, उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणं नाही. म्हणून उपचार सुरू होण्याआधी विचारा: “या घटनेमुळे तुमच्या हातून सुटलेल्या आणि परत हव्याशा वाटणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या?”

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. स्फोटातून वाचलेला माणूस म्हणतो, भाचीच्या लग्नात मांडवात बसायचंय. डीजे आणि फटाक्यांच्या भीतीने तो वर्षभर एकाही लग्नाला गेलेला नसतो. एखादी बाई म्हणते, अंधार पडल्यावर एकटीने परसात जाता आलं पाहिजे. कुणाला भुसावळपर्यंत मोटारसायकल चालवायची असते. कुणाला नुसतं घरच्यांबरोबर एका ताटात वरणबट्टी खायची असते.

प्रत्येक गोष्टीचे पाच टप्पे उणे २ ते अधिक २ असे लिहून ठेवा. शून्य म्हणजे उपचारांच्या शेवटी जेवढं जमेल असं दोघांना वाटतं तेवढं. लग्नाचंच उदाहरण घ्या: उणे २ म्हणजे लग्नाला जातच नाही, उणे १ म्हणजे घरी जाऊन आहेर देऊन येतो, शून्य म्हणजे अक्षता पडेपर्यंत मांडवात थांबतो, अधिक १ म्हणजे पंगतीत जेवतो, अधिक २ म्हणजे वरातीत चालतो. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ध्येयपूर्ती मोजणीची ही रीत आहे. दोन माणसांची तुलना तिने होत नाही, पण एका माणसाचा प्रवास तिच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कशात दिसलेला मला आठवत नाही.

सहावी पायरी: कधी मोजायचं

पहिली मोजणी उपचारांच्या पहिल्या सत्राआधी झालीच पाहिजे. नंतर आठवून ‘तेव्हा कसं होतं’ असं विचारू नका. आज बरं वाटत असेल तर माणूस तेव्हाचा काळ जास्तच काळा रंगवतो. दुसरी मोजणी उपचारांच्या मध्यावर, तिसरी शेवटी, मग ३ आणि ६ महिन्यांनी. हूकॉल-ब्रेफच्या दोन मोजण्यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर तेच दिवस दोनदा मोजले जातील.

आठवणींना भिडायला लावणाऱ्या उपचारांत, म्हणजे दीर्घ सामना पद्धतीत किंवा आघातकेंद्री संज्ञानात्मक उपचारांत, सुरुवातीची काही सत्रं काही जणांना जड जातात. मध्यावर जगण्याचे गुण घसरले म्हणून उपचार फसले असं लिहू नका. नोंद करा, बोला, पुढचं सत्र चुकू देऊ नका.

दर मोजणीच्या कागदावर तारखेशेजारी ऋतू आणि प्रसंग लिहायची सवय लावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री वीज गेली तर आजार नसलेल्यालाही झोप लागत नाही, आणि झोपेचा प्रश्न त्या फॉर्ममध्ये आहेच. आखाजीला लेक माहेरी येते. झोक्यावर बसलेल्या त्या आठवड्यात तिचे गुण सासरच्या गुणांपेक्षा वर असणार. घटनेच्या वर्षदिनी अनेकांचे गुण कोसळतात. पहिली मोजणी मे मध्ये आणि शेवटची दिवाळीत झाली, तर फरकातला थोडा वाटा हवामानाचा आणि हातात आलेल्या कापसाच्या पैशांचा आहे, हे विसरू नका.

सातवी पायरी: खोलीत कोण आहे?

सासू शेजारी बसलेली असताना सून ‘घरच्यांचा आधार मिळतो का’ या प्रश्नाला काय उत्तर देणार? दार लावता येईल अशी जागा शोधा. सोबत आलेल्या माणसाला मानाने सांगा, “मावशी, दहा मिनिटं बाहेर बसा, मग तुमच्याशीही बोलायचंय,” आणि नंतर खरंच बोला. विचारणारी आशाताई त्याच गावची, त्याच भाऊबंदकीतली असेल तर हे काम तिला देऊ नका. ती मन लावून करेल, पण उत्तर देणाऱ्याची जीभ रेटणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. भरलेले फॉर्म कुलपात ठेवा आणि त्यांवर नावाऐवजी क्रमांक लिहा.

हूकॉल-ब्रेफमधला एकविसावा प्रश्न लैंगिक जीवनाच्या समाधानाबद्दल आहे. बहुतेक ठिकाणी तो गुपचूप रिकामा सोडतात किंवा विचारणारा स्वतःच मधला ‘३’ टाकून मोकळा होतो. तसं कधीही करू नका. पीटीएसडीत जवळीक नकोशी होणं हे फार नेहमीचं आहे, आणि अत्याचारातून गेलेल्या बाईसाठी हा प्रश्न जखमेवर बोट ठेवल्यासारखा असतो. बाईला बाईनेच विचारावं. आधी सांगावं: “पुढचा प्रश्न नवरा-बायकोच्या नात्याबद्दल आहे. सांगायचं नसेल तर नको म्हणा, काही बिघडत नाही.” विधवा किंवा एकटी राहणारी असेल तर प्रश्न लागू नाही असं लिहा आणि जागा रिकामी ठेवा. सामाजिक क्षेत्रातल्या तीनपैकी एक उत्तर नसेल तरी उरलेल्या दोघांच्या सरासरीवर गुण काढता येतात. दोन नसतील तर त्या क्षेत्राचे गुण काढायचे नाहीत. बाकीच्या क्षेत्रांत दोनपर्यंत उत्तरं नसली तरी चालतं. एकूण २० टक्क्यांपेक्षा जास्त उत्तरं गळाली असतील तर तो फॉर्म मोजणीतून काढा.

पंधरावा प्रश्नही जपून विचारा. ‘हिंडणं-फिरणं किती जमतं?’ असं विचारल्यावर लोक पायांकडे पाहून उत्तर देतात. पाय धड आहेत, म्हणून ‘खूप छान’. पण तो माणूस महामार्गावर पाऊल टाकत नाही. इथे स्वतःचा अर्थ घुसवू नका, मिळालेलं उत्तर तसंच टिपा आणि शेजारी शेरा लिहा.

आठवी पायरी: गुण काढणं

हूकॉल-ब्रेफच्या सगळ्या प्रश्नांना गुण १ ते ५. मात्र ३, ४ आणि २६ उलटे आहेत, म्हणून त्यांचं उत्तर ६ मधून वजा करायचं. शारीरिक क्षेत्रात ३, ४, १०, १५, १६, १७, १८. मानसिक क्षेत्रात ५, ६, ७, ११, १९, २६. सामाजिक संबंधांत २०, २१, २२. आणि परिसरात ८, ९, १२, १३, १४, २३, २४, २५. क्षेत्रातल्या उत्तरांची सरासरी काढा, ४ ने गुणा, त्यातून ४ वजा करा आणि ६.२५ ने गुणा. ० ते १०० मधला आकडा मिळतो. चारही क्षेत्रं मिळून एकच बेरीज करू नका. ही मोजपट्टी चार वेगळे आकडे देण्यासाठीच बनली आहे.

एक उदाहरण करून पाहू. समजा, उपचारांआधी मानसिक क्षेत्रात उत्तरं २, २, २, ३, २ अशी आली आणि सव्विसाव्याला ४. सव्विसावा उलटला की २. बेरीज १३, सरासरी २.१७, चौपट ८.६७, आणि शेवटी २९. उपचारांनंतर ३, ३, ३, ४, ३ आणि सव्विसाव्याला २, म्हणजे उलटून ४. बेरीज २०, सरासरी ३.३३, शेवटी ५८. त्याच माणसाचं सामाजिक क्षेत्र आधी २, ३, २ म्हणजे ३३ आणि नंतर २, ३, ३ म्हणजे ४२.

२९ वरून ५८ आणि ३३ वरून ४२, दोन्ही वाढीच. पण सामाजिक क्षेत्रात तीनच प्रश्न आहेत. एका उत्तरात एक पायरी वर गेली की आकडा ८.३ ने उडी मारतो. शारीरिक क्षेत्रात तेवढ्याच बदलाने ३.६, मानसिकात ४.२ आणि परिसरात ३.१ वाढ होते. म्हणजे ३३ वरून ४२ याचा अर्थ एवढाच की माणसाने एका प्रश्नात बोट एका पेल्याने पुढे सरकवलं. त्या दिवशी मित्र सिव्हिलपर्यंत सोबत आला होता, एवढंही कारण त्याला पुरतं.

नववी पायरी: फरक खरा की मोजणीतला डळमळीतपणा?

यासाठी जेकबसन आणि ट्रुअक्स यांची १९९१ ची पद्धत वापरतात. तुमच्या गटाच्या पहिल्या मोजणीतलं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत तो आकडा, घ्या. त्याला १ वजा विश्वसनीयता (मोजपट्टी किती सातत्याने मोजते तो ० ते १ मधला आकडा) याच्या वर्गमूळाने गुणा. मोजणीची प्रमाण चूक मिळाली. तिला २ च्या वर्गमूळाने आणि मग १.९६ ने गुणा. समजा विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.८० आहे. चूक येते ६.७ आणि शेवटचा आकडा १८.६. म्हणजे एका माणसाच्या गुणांत साधारण १९ पेक्षा जास्त फरक पडला तरच तो मोजणीच्या डळमळीतपणापलीकडचा आहे असं खात्रीने म्हणता येईल. वरच्या उदाहरणात मानसिक क्षेत्रातली २९ ची वाढ ही रेषा सहज ओलांडते, सामाजिक क्षेत्रातली तिच्या जवळपासही जात नाही. त्या ट्रकचालकाच्या बायकोला हे गणिताशिवाय कळलं होतं.

दहावी पायरी: लक्षणं आणि जगणं शेजारी ठेवून वाचा

कागदावर दोन रेघा काढा, वर पीसीएल-५, खाली चार क्षेत्रं. दोन्ही सुधारल्या तर उत्तम. पण बाकीच्या शक्यताच जास्त काही सांगून जातात.

लक्षणं उतरली आणि जगणं तिथेच राहिलं, तर उरलेलं नैराश्य शोधा, सुटलेलं काम शोधा, तुटलेली माणसं शोधा. झोप, लक्ष लागणं आणि उदास भावना हे प्रश्न दोन्ही मोजपट्ट्यांत आहेत. त्यामुळे नुसतं मानसिक क्षेत्र वर गेलं तर तुम्ही तीच सुधारणा दुसऱ्यांदा मोजली असण्याची शक्यता आहे. सामाजिक क्षेत्र आणि त्या तीन वैयक्तिक गोष्टी हलल्यात का, हे मी आधी पाहतो.

लक्षणं तिथेच आणि जगण्याचे गुण मात्र चांगले, असं दिसलं तर टाळणं तपासा. ज्याने महामार्ग, बाजार, लग्न, बातम्या सगळंच सोडलं, त्याचे दिवस वरवर शांत जातात. ‘ठीक शे’ म्हणतो आणि खरंच तसं वाटत असतं. त्याचं जग ओसरीपुरतं झालंय, ते त्या तीन गोष्टींच्या उणे २ मध्येच दिसतं.

आणखी दोन खाचखळगे आहेत. हूकॉल-ब्रेफचा चौथा प्रश्न रोजच्या जगण्यासाठी औषधोपचारांची किती गरज वाटते असं विचारतो. माणसाने सर्ट्रालीन हे औषध नुकतंच सुरू केलं असेल तर तो प्रामाणिकपणे ‘खूप’ म्हणतो, आणि बरा होत असताना शारीरिक क्षेत्राचे गुण खाली येतात. आठवा प्रश्न सुरक्षित वाटण्याचा आहे. पीटीएसडीचा गाभाच तो, पण त्याची जागा परिसर क्षेत्रात आहे. तिथे त्याच्यासोबत पैसे, माहिती, दवाखाना आणि एसटीची सोय यांचे प्रश्न बसलेत. अक्राणीच्या पाड्यावर रस्ता नाही, तो तुमच्या उपचारांनी होणार नाही, आणि त्या सात उत्तरांच्या गर्दीत आठव्यातली सुधारणा बुडून जाते. म्हणून आठव्याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं लिहून ठेवा.

अकरावी पायरी: जे यायचे थांबले

केंद्राचा अहवाल करताना शेवटपर्यंत आलेल्यांचीच सरासरी काढली तर चित्र नेहमी गोड दिसतं. सोडून गेलेले कुठे गेले ते शोधा. दसरा-दिवाळीनंतर कुणी ऊसतोडीला गेलं असेल, कुणी सुरतेला उधन्याला कामाला लागलं असेल. त्यांचं न येणं बरं झाल्यामुळे असेल किंवा अगदी उलटही असेल. पहिल्या भेटीतच दोन फोन क्रमांक घ्या आणि फोन करायला चालेल का, उचलणाऱ्याला काय सांगायचं, हेही विचारून ठेवा. फोनवर घेतलेली मोजणी फोनवरची म्हणून नोंदवा, कारण गर्दीच्या खोलीतून बोलणारा माणूस तेच उत्तर देईल असं नाही. अहवालात सुरुवातीला किती जण होते, शेवटी किती उरले आणि मधले का गळाले, हे तीनही आकडे छापा.

बारावी पायरी: कागद त्याला दाखवा

आकडे निघाले की त्यांचा अर्थ माणसाला सांगायचा. मी दोन्ही मोजण्यांचे पेले शेजारीशेजारी काढतो आणि विचारतो, “हे तुम्हाला पटतं का?” कधी कधी ते म्हणतात, “नही, हाई चुकनं शे,” आणि मग खरी गोष्ट सांगतात. ते वाक्य त्याच कागदावर, तारखेसह लिहा. घरच्यांना दाखवायचं का, हे त्यांनाच ठरवू द्या.

त्या ट्रकचालकाबरोबर आम्ही पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्यांनी तीनऐवजी एकच गोष्ट सांगितली: भावाच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा. उणे २ म्हणजे त्याच्या गल्लीतूनच जात नाही, शून्य म्हणजे पाच मिनिटं बसतो. तीन महिन्यांनी त्यांच्या मानसिक क्षेत्राचे गुण जवळपास तेच राहिले होते आणि सामाजिक क्षेत्र एका पायरीने वर होतं. त्यांच्या स्वतःच्या पट्टीवर मात्र बायकोने बोट ठेवलं ते अधिक १ वर, म्हणजे भाऊही आता यांच्या खळ्यात येऊन बसतो.

पुढची तारीख आम्ही पोळ्यानंतरची ठेवली.